नाव वेगळं, मालक तोच: ब्रिटनमधल्या बिंगो आणि स्लॉट साइटची तुलना

ब्रिटनमध्ये बिंगोची साइट शोधायला बसलात की नावांची रांगच लागते. गाला, फॉक्सी, मेक्का, टोम्बोला, जॅकपॉटजॉय, विंक, किटी. निवडायला भरपूर आहे असं वाटतं, पण या नावांमागे कंपन्या मोजक्याच आहेत. मार्च २०२२ मध्ये गॅम्बलिंग कमिशनने, म्हणजे तिथल्या जुगार नियामकाने, ८८८ कंपनीला ९४ लाख पौंडांचा दंड केला, तेव्हा त्या एका परवानाधारकाच्या ७८ साइट चालू होत्या. त्याच वर्षी कारवाई झालेल्या जम्पमन गेमिंग आणि प्रोग्रेसप्ले यांच्याकडे तर प्रत्येकी दोनशेहून जास्त. एका साइटला कंटाळून दुसरीवर गेलेला माणूस बऱ्याचदा त्याच घरात दुसऱ्या दाराने शिरलेला असतो.

म्हणून माझं मत असं की साइटची साइटशी तुलना करण्यात वेळ घालवू नये, घराण्याची घराण्याशी करावी. आणि त्याच्याही आधी बिंगो खेळायचा की स्लॉट, म्हणजे बटण दाबून चाकं फिरवायचे खेळ, हे ठरवावं. खिशाला खरा फरक तिथे पडतो.

भारतात राहणाऱ्यांसाठी हा आढावा नाही. तिथे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खालचं सगळं ब्रिटनच्या परवान्यावर चालणाऱ्या साइटबद्दल आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे.

आधी खेळ, मग साइट

स्लॉटचं गणित सोपं आहे आणि ते एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये एका स्पिनला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत आणि ऑटोप्ले बंद आहे. तरीही न थांबता बटण दाबत राहिलं तर तासाला १४४० स्पिन होतात. १० पेन्सच्या स्पिनने हे झाले १४४ पौंड. खेळाचा परतावा, म्हणजे आरटीपी, ९६ टक्के असेल तर सरासरी तोटा तासाला ५ पौंड ७६ पेन्स. तोच आरटीपी ९४ टक्के असेल तर ८ पौंड ६४ पेन्स. दोन टक्क्यांचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण तोटा दीडपट होतो.

आता ९० चेंडूंचा बिंगो घ्या. एका तिकिटावर १५ आकडे, आणि सहा तिकिटांच्या पट्टीत १ ते ९० सगळे आकडे येतात. समजा तिकीट १० पेन्सचं आहे, दर डावाला पूर्ण पट्टी घेतली आणि तासात १२ डाव झाले. एकूण खर्च ७ पौंड २० पेन्स. यातला ७० टक्केच पैसा बक्षिसांत परत आला असं धरलं तरी सरासरी तोटा २ पौंड १६ पेन्स होतो. टक्केवारीत बिंगो महाग दिसतो, तासाच्या हिशोबात स्वस्त पडतो, कारण डाव सावकाश चालतो आणि वेग तुमच्या हातात नसतो.

साइटवाल्यांनाही हे गणित पाठ असतं. म्हणूनच बिंगो रूममध्ये तिकिटाशेजारीच छोटे स्लॉट ठेवलेले असतात, आकडे पुकारले जात असताना 'तोवर' खेळायला. बिंगोवर २ पौंड घालवायला आलेला माणूस त्या 'तोवर'मध्ये १५ घालवून जातो. मी एखादी बिंगो साइट तपासायला घेतली की आधी हेच बघतो: शेजारचे खेळ बंद करता येतात का, की ते सारखे समोर नाचत राहतात?

नातं कसं ओळखायचं

साइटच्या अगदी तळाशी परवानाधारक कंपनीचं नाव आणि खाते क्रमांक असतो. तो क्रमांक गॅम्बलिंग कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत टाकला की त्या कंपनीच्या परवान्याखालची बाकी डोमेन नावं दिसतात आणि तिच्यावर झालेली कारवाईही दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही 'टॉप टेन' यादीपेक्षा जास्त उपयोगाचं. त्या यादीतल्या साइटकडून यादीवाल्याला कमिशन मिळत असतं, हे गृहीत धरूनच ती वाचावी.

नातं मात्र एकाच प्रकारचं नसतं. कधी मालक एक असतो पण तंत्र वेगळं, कधी मालक वेगळे पण बिंगोची रूम एकच. गालाचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये गालाचे बिंगो क्लब 'बझ बिंगो' झाले, पण ऑनलाइन 'गाला बिंगो' हे नाव वेगळ्याच मालकाकडे राहिलं आणि आज ते एन्टेनकडे आहे. म्हणजे जुन्या गाला क्लबमध्ये जाणारा माणूस सवयीने ऑनलाइन गालावर गेला तर तो त्या क्लबच्या प्रतिस्पर्ध्याकडे पोचतो. उलट प्लेटेकच्या व्हर्च्यू फ्यूजनसारख्या नेटवर्कवर वेगवेगळ्या मालकांच्या साइटवरचे खेळाडू एकाच रूममध्ये बसतात. बक्षीस तेच, पुकारलेले आकडे तेच, फक्त भोवतीची सजावट निराळी. रूममध्ये माणसं जास्त असल्यामुळे बक्षिसाची रक्कम फुगते, आणि तुमची जिंकायची शक्यता तेवढीच पातळ होते.

घराणी शेजारी शेजारी ठेवून

टोम्बोला आणि स्काय बिंगो या दोन्ही फ्लटरच्या. टोम्बोला मूळची संडरलंडची. फ्लटरने ती जानेवारी २०२२ मध्ये ४० कोटी २० लाख पौंडांना घेतली. एकाच मालकाच्या असूनही या दोघी दिसतात आणि वागतात वेगळ्या. टोम्बोला आपले बहुतेक खेळ स्वतः बनवते आणि लावायच्या रकमा छोट्या ठेवते. इतर साइटवर दिसणारे नेहमीचे प्रसिद्ध स्लॉट हा इथला मुख्य माल नाही. ज्याला फक्त बिंगो हवा आहे त्याच्यासाठी हा उणेपणा नाही, उलट सोय आहे. पॅडी पॉवरही याच घरातली, पण तिचा जीव खेळांवरच्या सट्ट्यात आहे. बिंगो तिथे बाजूच्या खोलीत बसतो.

एन्टेनकडे गाला आणि फॉक्सी. दोन्हींकडे खेळ भरपूर, रूम भरलेल्या, जाहिराती धडाक्याच्या. यांतली एक वापरून बघितली असेल तर दुसरीकडून फार वेगळ्या अनुभवाची अपेक्षा ठेवू नका. या घराण्याबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी, ती खाली मर्यादांच्या भागात येते.

मेक्का म्हणजे रँक ग्रुप. प्रत्यक्ष बिंगो हॉल चालवणारं हे जुनं नाव. रँकने २०१९ मध्ये स्ट्राइड गेमिंग विकत घेतली आणि किटी बिंगोसारख्या साइट मेक्काच्या नातेवाईक झाल्या. हॉलमध्ये जाणारा माणूस ऑनलाइनही खेळणार असेल तर मेक्काला अर्थ आहे, कारण तक्रार घेऊन जायला निदान नावाचा एक दरवाजा असतो. निव्वळ ऑनलाइन खेळणाऱ्याला मेक्का आणि किटी यांत मोठा फरक जाणवेल असं मला वाटत नाही.

जॅकपॉटजॉय, व्हर्जिन गेम्स आणि मोनोपॉली कसिनो ही गेमसिसची मंडळी. गेमसिस २०२१ मध्ये बॅलीजने घेतली. स्वतः बनवलेले स्लॉट ही यांची खासियत, 'डबल बबल' त्यातलाच. जिंकलेल्या रकमेवर वॅजरिंगची अट (ठरलेल्या पट रकमेचा खेळ केल्याशिवाय पैसे काढता न येणं) नसलेले फ्री स्पिन इथे पूर्वीपासून दिसत आले आहेत. स्लॉटच खेळायचे हे पक्कं असेल तर तुलनेत मी या घराण्याला वरचा नंबर देईन. बिंगोच मुख्य असेल तर नाही. तिथे स्लॉटचा गलका फार आहे.

विंक बिंगो पूर्वी ८८८ ची होती, २०२२ मध्ये ८८८ चा बिंगो धंदा ब्रॉडवे गेमिंगच्या समूहाकडे गेला. म्हणून विंकबद्दलची जुनी परीक्षणं वाचताना तारीख बघा. त्या वेळचा मालक आज नाही.

राहिल्या जम्पमन आणि प्रोग्रेसप्लेच्या शेकडो साइट. इथे तुलना करण्यासारखं काही उरतच नाही. नाव, रंग आणि चिन्ह बदललेलं असतं. खेळांची यादी, चाक फिरवून मिळणारा बोनस, नियमांचं पान बहुधा जसंच्या तसं. जम्पमनच्या साइटवर बोनसला ६५ पट वॅजरिंग असायचं, म्हणजे १० पौंडांचा बोनस सोडवायला ६५० पौंडांचा खेळ. अशा साइटवर मी नव्या माणसाला पाठवणार नाही, आणि 'नवी साइट' या शब्दांना भुलून तर अजिबात नाही.

बोनसचं वजन आता कमी झालंय

१९ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनमध्ये वॅजरिंगची कमाल मर्यादा १० पट झाली आणि एकाच ऑफरसाठी दोन प्रकारचे जुगार खेळायला लावण्यावर बंदी आली. त्यामुळे जुन्या लेखांतल्या बोनसच्या तुलना जवळजवळ निरुपयोगी आहेत. १० पटही फुकट नसते: १० पौंडांच्या बोनससाठी १०० पौंडांचा खेळ, ९४ टक्के आरटीपीवर सरासरी ६ पौंड त्यातच जातात. शिवाय नियमांत बारीक अक्षरांत बहुधा असतंच की स्वागत बोनस घराण्यात एकदाच, किंवा एका पत्त्याला एकदाच. एकाच घराण्यातल्या बहिणीबहिणींवर (सिस्टर साइटवर) फिरून बोनस गोळा करायचा बेत त्या ओळीपाशी संपतो.

एप्रिल २०२६ पासून ऑनलाइन गेमिंगवरचा कर २१ वरून ४० टक्क्यांवर नेण्यात आला. तो खेळाडूने भरायचा नाही, पण कुठून तरी वसूल होणारच. मला वाटतं तो आरटीपीतून होईल, कारण ते कोणी बघत नाही. 'बुक ऑफ डेड' या प्रसिद्ध स्लॉटची ९६.२१ टक्क्यांची आवृत्ती आहे, तशीच ९४.२५ आणि ९१.२५ ची पण आहे. चित्रं तीच, संगीत तेच. कुठली चालू आहे ते साइट ठरवते. प्रत्येक खेळाच्या माहितीच्या पानावर हा आकडा असतो; दोन घराण्यांत तोच स्लॉट उघडून आकडे ताडून पाहणं, ही खरी शेजारी शेजारी तुलना.

मर्यादा कुठवर पोचतात

सिस्टर साइटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होतो तो इथे. ऑगस्ट २०२२ मध्ये एन्टेनला एकूण १ कोटी ७० लाख पौंड भरावे लागले. त्यातले १ कोटी ४० लाख ऑनलाइन धंद्यासाठी, म्हणजे लॅडब्रोक्स, कोरल, फॉक्सी बिंगो धरून १३ साइटसाठी. एक ठपका असा होता की कोरलने अडवलेल्या एका ग्राहकाने लगेच लॅडब्रोक्सवर खाते उघडलं आणि एका दिवसात ३० हजार पौंड भरले. दोन्ही साइट एकाच कंपनीच्या, पण डावा हात उजव्याला ओळखत नव्हता.

तेव्हापासून नियम कडक झाले आहेत. स्लॉटवर एका स्पिनला २५ वर्षं आणि वरच्यांना ५ पौंड, तर १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड ही कमाल मर्यादा २०२५ मध्ये आली. क्रेडिट कार्ड एप्रिल २०२० पासून बंदच आहे. ३० दिवसांत निव्वळ भरणा १५० पौंडांच्या वर गेला की आर्थिक अडचणीची प्राथमिक तपासणी होते. आणि पहिला भरणा करण्याआधी मर्यादा ठेवायची का, हे साइटने विचारलंच पाहिजे. तरीही तुम्ही ठेवलेली मर्यादा त्या खात्यापुरतीच आहे की सगळ्या घराण्याला लागू आहे, हे खाते उघडण्याआधी चॅटवर विचारून घ्या. गोलमोल उत्तर मिळालं तर तेही निवडीच्या कामाचं आहे.

नियमांच्या पानावर आणखी एक ओळ शोधा: कंपनी बुडाली तर तुमच्या खात्यातल्या पैशाचं काय. संरक्षण नाही, मध्यम आणि उच्च अशा पातळ्या असतात आणि आपली कुठली ते साइटला सांगावं लागतं. पहिली पातळी असेल तर जिंकलेले पैसे तिथे ठेवू नका, काढून घ्या. काही साइट पैसे काढायला शुल्क लावतात. छोट्या रकमा खेळणाऱ्याने अशी साइट तिथेच सोडावी.

तर कुठे?

फक्त बिंगो, थोड्या पैशांत, गप्पा मारत: टोम्बोला. हॉलशी नातं असेल तर मेक्का. स्लॉटच हवे असतील तर जॅकपॉटजॉय किंवा व्हर्जिन गेम्स, यांतली एकच, आणि मर्यादा आधी ठेवून. गाला की फॉक्सी यावर डोकं शिणवू नका, नाणं उडवलंत तरी चालेल. व्हाइट लेबलच्या, म्हणजे जम्पमन-प्रोग्रेसप्लेसारख्या एकाच साच्यातल्या, शेकडो साइट सोडून द्या.

शोधताना 'गॅमस्टॉपवर नसलेल्या सिस्टर साइट' अशा याद्याही समोर येतील. गॅमस्टॉप म्हणजे सगळ्या साइटवरचं आपलं खेळणं स्वतःहून बंद करून घ्यायची यंत्रणा. त्यांतल्या साइटना ब्रिटनचा परवाना नसतो. परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाइन साइटला गॅमस्टॉप मार्च २०२० पासून सक्तीचं आहे. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. परवान्याच्या साइटवर आठ आठवड्यांत तक्रार मिटली नाही तर आयबीएएससारख्या स्वतंत्र संस्थेकडे ती फुकट नेता येते.

ज्याने गॅमस्टॉपवर नाव घातलं आहे त्याच्यासाठी यातली एकही साइट नाही. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, जी मुदत घेतली ती मध्येच कमी करता येत नाही. ती संपल्यावरही खाती आपोआप उघडत नाहीत, स्वतः संपर्क करून नाव काढून घ्यावं लागतं.