क्लचचा आवाज: नुसतं बेअरिंग, पूर्ण सेट की गिअरबॉक्स?

क्लचमधून आवाज येतोय म्हटलं की गॅरेजमध्ये बहुतेक तीनपैकी एक उत्तर मिळतं. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) गेलंय, पूर्ण सेट (क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग) टाका, नाहीतर गिअरबॉक्स खोलावा लागेल. गिअरबॉक्स उतरवणं तिन्हींत आलंच, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत नुसतं तेवढ्यालाच अर्धा दिवस जातो. त्यामुळे बेअरिंग आणि सेट यांच्यात मजुरीचा फरक जवळपास नसतो. फरक असतो तो पार्ट्सच्या किमतीत, आणि तीच मजुरी वर्षभरात पुन्हा भरावी लागेल का, यात.

पण आधी आवाज नेमका कुठला ते ठरवा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, एसी बंद करा, इंजिन आयडलवर चालू द्या. आता पेडल सावकाश दाबा.

पेडलवर पाय नसताना घरघर येते आणि पूर्ण दाबल्यावर थांबते, तर बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय. न्यूट्रलमध्ये क्लच जोडलेला असतो म्हणून इनपुट शाफ्ट फिरत असतो. पेडल दाबलं की तो थांबतो आणि आवाजही थांबतो. हा गिअरबॉक्सचा बिघाड आहे. नवा क्लच सेट टाकून तो जाणार नाही, आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. याउलट पेडल दाबल्यावर शीळ किंवा चरचर सुरू होते आणि सोडल्यावर बंद होते, तर दोष रिलीज बेअरिंगचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या) मधोमध पायलट बेअरिंगही असू शकतं. पेडल दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना ते ओरडतं, म्हणून तशा गाडीत दोन्ही तपासा.

एक आवाज मात्र फसवतो. न्यूट्रलमधली खडखड पेडल दाबल्यावर बंद झाली तरी दरवेळी दोष बेअरिंगचाच नसतो. क्लच प्लेटच्या हबमधल्या स्प्रिंगा सैल झाल्या किंवा डिझेल गाडीतलं ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) झिजलं तरी अशीच खडखड होते. रेस हलकी वाढवून पाहा: खडखड आयडलला जास्त असते आणि रेस वाढली की विरते, बेअरिंगची घरघर रेससोबत चढत जाते.

इंजिन बंद असतानाही पेडल दाबल्यावर करकर येत असेल, तर गिअरबॉक्सला अजून हात लावू नका. आधी पेडलचे बुश आणि केबल तपासा. कित्येकदा थोड्या ग्रीसवर काम भागतं. फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टेकूवरून आवाज येत असेल तरच उतरवण्याची पाळी येते.

नुसतं बेअरिंग की सेट?

नुसतं बेअरिंग बदलणं एकाच परिस्थितीत परवडतं: प्लेट अलीकडेच बदललेली आहे आणि क्लच घसरत नाही. घसरण तपासायला मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये पेडल हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपत आलीय. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर प्लेट तापते. खोलल्यावर फेसिंगच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या अस्तराच्या) पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजा. अनेक मॅन्युअलमध्ये किमान मर्यादा 0.3 ते 0.5 मिमी असते. खोली 1 मिमीच्या आसपास असेल आणि प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (चपट्या गोल स्प्रिंगची) बोटं एका पातळीत, खाचा न पडलेली असतील, तर नुसतं बेअरिंग बदलून भागेल. बोटांवर खाचा असतील तर नवं बेअरिंगही लवकर ओरडू लागेल.

बाकी बहुतेक वेळा सेटच घ्यावा, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही नवे. फेसिंग मारलेली जुनी प्लेट स्वस्त पडते, पण तिच्या हबच्या स्प्रिंगा जुन्याच राहतात, आणि खडखड तर तिथूनच येत असते.

सेट नवा असूनही आवाज परत आला, तर आधी रिलीज बेअरिंग जिच्यावर सरकतं ती गाइड नळी पाहा. ती झिजून तिच्यावर कडा तयार झाल्या असतील तर बेअरिंग तिरकं बसतं. फोर्कचा टेकूही झिजलेला असेल तर बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही याच वेळी. तेल प्लेटवर उतरलं की गाडी सुटताना थरथरते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर साधं फ्लायव्हील मर्यादेत घासून घेता येतं. ड्युअल मास फ्लायव्हील सहसा घासत नाहीत, बदलतात.

बसवताना होणाऱ्या चुका नेहमीच्याच असतात. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरच्या लांब खाचांवर) ग्रीसचा पातळ थर पुरे, जादा ग्रीस उडून फेसिंगवर जातं. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिलं तर प्लेटचा हब वाकतो. धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

इनपुट बेअरिंगचा संशय असेल तर आधी गिअर ऑइल काढा. तेलात धातूची चमकी किंवा कण दिसले, तर गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च टाळू नका. शाफ्ट डळमळू लागला की दात खराब होतात आणि एका बेअरिंगचं बिल संपूर्ण गिअरबॉक्सवर जातं. रिलीज बेअरिंगची बारीक शीळ काही दिवस चालवून घेता येते. ती किरकिरीत बदलली किंवा गिअर टाकताना कचकच होऊ लागली, की गाडी घाटात नेऊ नका. बेअरिंग अडकलं तर क्लच सुटणारच नाही.