१/८००० मेकॅनिकल की १/३२००० इलेक्ट्रॉनिक?

मर्दानी खेळात गरगर फिरणारी लाठी, शाहू स्टेडियमवर पायातून सुटलेला चेंडू, रंकाळ्यात सूर मारणारा खंड्या. वेगवान शटर मागणाऱ्या विषयांना कोल्हापुरात तोटा नाही. बऱ्याच मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही शटर असतात. मेकॅनिकलमध्ये सेन्सरसमोर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागासमोर, पडदे सरकतात; इलेक्ट्रॉनिकमध्ये पडदे न हलता सेन्सरच ओळीओळीने वाचला जातो. पहिले फार तर १/८००० सेकंदापर्यंत जाते, दुसरे १/१६००० किंवा १/३२००० गाठते. नुसता आकडा बघितला तर निवड सोपी वाटते, पण माझ्या मते फसगत तिथेच होते.

१/३२००० हा सेन्सरच्या एकेका ओळीला प्रकाश मिळण्याचा वेळ. सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचून व्हायला लागणारा वेळ वेगळा, आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. स्टॅक्ड (झटपट वाचून होणारा) नसलेल्या साध्या सेन्सरला त्यासाठी साधारण १/१५ ते १/६० सेकंद लागतो. मेकॅनिकल पडद्यांमधली फट तेवढेच अंतर जवळपास १/२५० सेकंदात कापते.

लाठीच्या टोकाचा वेग सेकंदाला १५ मीटर धरा. १/२० सेकंदाच्या वाचनात ते टोक ७५ सेंटीमीटर सरकते, मेकॅनिकलमध्ये ६. म्हणून इलेक्ट्रॉनिकवर लाठीचा कणन् कण धारदार येतो आणि अख्खी लाठी विळ्यासारखी वाकलेली दिसते. शटर आणखी वाढवून हा वाक जात नाही, कारण वाचनाचा वेग तोच राहतो. दांडपट्ट्याचे पाते मुळातच लवचीक, तिथे हे खपून जाते. लाठी सरळ असते हे मात्र बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. माझा कौल मेकॅनिकलकडे झुकला तो या एका त्रासामुळे. चेंडू लांबट होणे, पंख मुरडणे ही त्याचीच भावंडे.

खासबागेत दिव्याखाली कुस्ती टिपताना दुसरी अडचण येते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/२० सेकंदाच्या वाचनात अशी पाच आवर्तने बसतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. संपादनात ते नीट निघत नाहीत. मेकॅनिकलवर पट्ट्यांऐवजी एक फ्रेम उजळ, एक काळपट असा प्रकार होतो. अँटी-फ्लिकर ही दिव्यांची लुकलुक ओळखणारी सोय चालू केली की कॅमेरा उजेडाचा कळस गाठून क्लिक करतो. काही एलईडी दिवे याहून खूप वेगाने लुकलुकतात, तिथे ही सोय पुरत नाही. मग शटर १/५०० च्या आसपास आणून बघावे.

इलेक्ट्रॉनिकची बाजू अगदीच लंगडी नाही. आवाज नसल्याने बसलेला पक्षी बुजत नाही, पडद्यांची झीज होत नाही. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ १.४ इतके मोठे ठेवले तर सुमारे १/१२८०० लागतो, तिथे १/८००० अपुरे पडते. अर्थात दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशावर आणणारी काच, लावूनही ते भागते. फ्लॅश वापरणाऱ्यांनी तर मेकॅनिकलच धरावे. अनेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश पेटतच नाही. मेकॅनिकलवर १/२०० ते १/२५० च्या पुढे हाय-स्पीड सिंक (फ्लॅश एकदाच न पेटता भराभर लुकलुकत राहण्याची पद्धत) लागते आणि फ्लॅशची ताकद बरीच घटते, हे धरून चाला.

मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट पडद्याने) हा मधला पर्यायही असतो. मोठ्या अपर्चरवर १/२००० च्या पुढे त्याने मागची धूसर वर्तुळे कापल्यासारखी दिसतात, म्हणून त्या वेगाला पूर्ण मेकॅनिकलच निवडावे.

स्टॅक्ड सेन्सरचे गणित निराळे. निकॉन झेड ९ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही आणि त्यावाचून अडतही नाही. सोनीचा ए९ थ्री सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो, त्यामुळे वाकाचा प्रश्नच मिटतो. तेवढे बजेट नसेल, तर दुकानात पूर्ण वेगाने फिरणाऱ्या छताच्या पंख्याचा १/४००० वर दोन्ही शटरने एकेक फोटो घ्या आणि पात्यांच्या कडा जुळवून बघा.