ॲल्युमिनियमसोबत मॅग्नेशियम रोल करावं की टायटॅनियम?

मेटलर्जीची पोरं सध्या हेच विचारून राहिली आहेत, थरांची हलकी प्लेट करायची तर ॲल्युमिनियमला जोडीदार कोणता घ्यायचा. दोन्ही जोड्या मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या मिलवर रोल केल्या आहेत, म्हणजे पत्रे एकावर एक ठेवून रोलरांमधून दाबून जोडले आहेत, त्यावरून सांगतो.

फक्त वजन बघायचं तर मॅग्नेशियमला तोड नाही, घनता घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, शिवाय टायटॅनियम महाग. पण एझेड३१ (मॅग्नेशियमचा नेहमीचा मिश्रधातू) थंड रोल करायला गेलं की कडा फाटतात, म्हणून गरम करा, आणि पातळ पत्रे भट्टीतून मिलपर्यंत नेईस्तोवरच निवतात. शुद्ध टायटॅनियमचा पत्रा थंडच चालतो. ॲसिटोनने पुसा, तारेचा ब्रश मारा आणि वेळ न घालवता एकाच पासमध्ये (रोलरांमधून एकदाच काढून) जाडी निम्म्याजवळ आणा, वरचा ऑक्साइडचा थर तडकतो, फटींतून ताजा धातू दाबला जातो आणि पकड बसते. फार पास देऊ नका मात्र, ॲल्युमिनियम नरम असल्यामुळे पुढे पळतं आणि टायटॅनियमचा थर मधेमधे तुटतो.

माझा निर्णय खरं म्हणजे ॲनीलिंगने, म्हणजे भट्टीत तापवून नरम करण्याच्या कामाने केला. रोल केलेली प्लेट कडक होते, नरम केल्याशिवाय वाकवता येत नाही. आता मॅग्नेशियमच्या जोडीत साधारण ३०० अंशांच्या वर गेलं की सांध्यावर Al₃Mg₂ आणि Mg₁₇Al₁₂ असे दोन्ही धातूंच्या संयुगांचे दोन ठिसूळ थर जाड व्हायला लागतात, ४३७ ला तर तिथे द्रवच तयार होतो, म्हणजे दोघांपैकी एकही वितळायच्या कितीतरी आधी. छोट्या भट्टीत मीटर एक दाखवतं आणि प्लेटच्या टोकाला तापमान दुसरंच असतं. बाहेरून प्लेट एकदम छान दिसते, वाकवली की सांध्यातून सुटते, आणि एवढी मेहनत गेलेली प्लेट अशी हातात सुटली की फार वाईट वाटतं हो. टायटॅनियमसोबत ५०० च्या आसपासही ॲल्युमिनियम नरम होतं, टायटॅनियमचा ताण उतरतो आणि सांध्यावरचा TiAl₃ या संयुगाचा थर हळूहळूच वाढतो, भट्टी थोडी इकडेतिकडे झाली तरी काम बिघडत नाही.

तुमच्याकडे तापमान नीट धरणारी भट्टी असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि प्लेट सपाटच वापरायची असेल तर मॅग्नेशियम घ्यायला हरकत नाही. फक्त ब्रश मारताना पडणारी मॅग्नेशियमची भुकटी साचू देऊ नका, ती पेटली तर पाणी अजिबात टाकायचं नाही, कोरडी वाळू हाताशी ठेवा.