मायाक की जांगजोरिम? सोया सॉसमधली कोरियन अंडी घरी करणाऱ्यांसाठी

सोया सॉसमधली कोरियन अंडी घरी करून बघावीत असं मनात आलं आणि जरा शोधाशोध केली, की पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा एक पदार्थ नाही, दोन आहेत. एक मायाक ग्येरान. यात अंडी अर्धवट उकडायची, बलक वाहता ठेवायचा, सोलायची आणि गार सोया-पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची. दुसरा ग्येरान जांगजोरिम. यात अंडी पूर्ण उकडून, सोलून, सोया सॉसच्या पाण्यात मंद आचेवर पुन्हा शिजवायची, पाणी निम्मं आटेपर्यंत. पहिल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणारच. पांढऱ्या भातावर अंडं ठेवलंय, चमचा घातला की नारिंगी बलक ओघळतोय. दुसऱ्याचे व्हिडिओ नजरेत भरत नाहीत. तपकिरी पाण्यात तपकिरी अंडं, बघणार काय त्यात?

मी दोन्ही करत आलोय, तीन वर्षं कोरियातल्या सुवोन शहरात नोकरीच्या काळात आणि आता पुण्यात परत आल्यावर. दोन्ही बाजूंनी बोलायचा प्रयत्न करतो, पण एका बाजूला थोडा कललेलो आहे हे आधीच कबूल करतो.

नावांबद्दल थोडक्यात. ग्येरान म्हणजे अंडं, मायाक म्हणजे अमली पदार्थ. खाल्लं की सोडवत नाही, म्हणून ते नाव. २०२४ पासून तिथलं अन्न खातं दुकानदारांना असली नावं टाळा म्हणून सांगतंय, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी नुसतं ग्येरानजांग असं दिसेल. जांगजोरिममधला ‘जोरिम’ म्हणजे सॉसमध्ये शिजवून आटवलेलं. हे जुनं, घरगुती, डब्यातलं खाणं. बीफचंही करतात, लावीच्या चिमुकल्या अंड्यांचंही करतात. आपल्याकडे ताटात डावीकडे जे जे येतं त्याच्या जातीचं: करून ठेवायचं, आठवडाभर थोडं थोडं वाढून घ्यायचं.

चवीत मायाक पुढे आहे. यावर मी वाद घालणार नाही. कच्चा कांदा, कांद्याची पात, बारीक चिरलेली लसूण, हिरवी मिरची, भाजलेले तीळ हे सगळं त्या पाण्यात कच्चंच राहतं, त्यामुळे चव ताजी आणि तिखट लागते. दुसऱ्या दिवशी बलक मधासारखा दाट होतो. गरम भात, वर ते अंडं, दोन चमचे ते पाणी. एवढ्यावर मी सुवोनमधल्या कितीतरी रात्री काढल्या आहेत. जांगजोरिमचं अंडं त्यापुढे मुकाट वाटतं. पांढरा भाग घट्ट, बलक कोरडा, चव खारट-गोड आणि खोल, पण उडी मारून पुढे येणारी नाही.

सॉसच्या बाबतीत मात्र मायाक जास्त मागतं. त्यात सॉस शिजत नाही, म्हणजे बाटलीत जे आहे तेच तोंडात येतं. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मी घरातल्याच बाटलीतला सॉस वापरला, चायनीज राइसवर घालतात तो काळा दाट प्रकार. अंडी डांबरासारखी काळी झाली आणि चव फक्त मिठाची. कोरियन सॉस ऑनलाइन मागवता येतो. १९४६ पासून चालत आलेल्या सेम्प्यो कंपनीच्या बाटल्यांवर ५०१, ७०१ असे आकडे दिसतील. ते सॉसमधल्या नायट्रोजनच्या प्रमाणावरून आलेत, १.५ टक्के आणि १.७ टक्के. आकडा मोठा तितकी चव भरीव. मायाकसाठी ७०१ चे पैसे वसूल होतात, जांगजोरिमला ५०१ खुशाल चालतो. फक्त सूपसाठी म्हणून वेगळा, फिकट सॉस मिळतो, तो यातल्या कशालाच घेऊ नका. रंगाने फिका असला तरी मिठाला जास्त आहे. आणि तिळाचं तेल. त्यांचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं. आपल्या घाण्यावरच्या तेलाला तो वास नाही, तेव्हा ते घालण्यापेक्षा चमचाभर तीळ जास्त भाजलेले बरे.

आता सोलण्याबद्दल. माझा निर्णय खरं म्हणजे इथेच झाला.

पूर्ण उकडलेलं अंडं सोलणं आणि मायाकसाठी साडेसहा मिनिटंच उकडलेलं अंडं सोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. साडेसहा मिनिटांच्या अंड्याचा पांढरा भाग जेमतेम धरलेला असतो. हातात घेतलं की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हलतं. रुंद टोकाला आपटायचं, तिथे हवेची पोकळी असते, तिथून टरफलाखालचा पापुद्रा नखाने उचलायचा आणि पाण्याखाली धरून हळूहळू फिरवायचं. पापुद्रा टरफलासकट सुटला तर अंडं गुळगुळीत बाहेर येतं आणि आपण फार कुशल आहोत असं वाटतं. नाही सुटला, तर पांढऱ्याचा एक तुकडा टरफलाला चिकटून येतो, खड्ड्यातून बलक डोकावतो, आणि पुढच्या नखाला फुटतो. फुटलेलं अंडं बाजूला ठेवून तिथल्या तिथे खाऊन टाकता येतं, ते एक वेळ ठीक. पण ज्याला बारीक चीर गेली आहे आणि आपल्या लक्षात आलेली नाही असं अंडं बरणीत गेलं, तर सकाळी सगळं पाणी गढूळ, पिवळसर. एक अंडं दहा अंड्यांची चव घालवतं. रविवारी रात्री अकरा वाजता सिंकपाशी उभं राहून, बोटं गार पाण्यात आखडलेली, सातवं अंडं फाटताना पाहणं हे काही फार आनंदाचं नसतं.

सुवोनच्या मोतगोल बाजारात बानचान, म्हणजे भातासोबतची तोंडीलावणी, विकणारी एक बाई होती. तिला सगळे ‘इमो’ म्हणत. इमो म्हणजे शब्दशः मावशी, आईची बहीण. आपण पोळ्या करणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो अगदी तसंच. माझ्या मोडक्या कोरियनमध्ये मी तिला गाऱ्हाणं सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, “अंडी कधीची?” मी अभिमानाने सांगितलं, आजच आणली, एकदम ताजी. ती हसली. म्हणाली, “म्हणून.”

तिचं बरोबर होतं. ताज्या अंड्यातून दिवसागणिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तसा पांढरा भाग पापुद्र्याला कमी चिकटतो. आठ-दहा दिवसांचं अंडं सुखाने सोललं जातं, कालचं नाही. आणि कोरियात हे जमवणं सोपं आहे, कारण २०१९ पासून तिथे प्रत्येक अंड्याच्या टरफलावर छापलेल्या दहा अक्षरी खुणेत पहिले चार आकडे अंडं घातल्याचा महिना आणि तारीख सांगतात. पुढची पाच अक्षरं फार्मची, शेवटचा एक आकडा कोंबडी कशी पाळली त्याचा. १ म्हणजे मोकळी, ४ म्हणजे साधा पिंजरा. लोक तो शेवटचा आकडा बघतात, मी पहिले चार बघायचो. दुकानात तीस अंड्यांच्या ट्रेमधून सगळ्यात जुनी तारीख शोधणारा एकटा मीच असेन.

पुण्यात आल्यावर हा आधार गेला. आमच्या वाण्याकडच्या ट्रेमध्ये कालची आणि पंधरा दिवसांपूर्वीची अंडी शेजारी शेजारी बसलेली असतात आणि कोण कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. सहा अंडी एकाच पाण्यात, एकाच घड्याळावर, आणि तीन सुटतात, तीन फाटतात. पाण्यात मीठ घाला, व्हिनेगर घाला, सगळं करून झालं. माझ्या अनुभवात त्याचा उपयोग एवढाच, की उकडताना तडा गेला तर बाहेर आलेला पांढरा भाग लगेच गोठतो. सोलायला त्याची मदत होत नाही. अंडी गार पाण्यापासून न चढवता थेट उकळत्या पाण्यात सोडली तर फरक पडतो, तेवढं मात्र जरूर करा.

त्यात मापाची भानगड आहे. मी होतो तेव्हा तिथे ६० ते ६८ ग्रॅमच्या अंड्याला ‘विशेष’, ५२ ते ६० ला ‘मोठं’ आणि ४४ ते ५२ ला ‘मध्यम’ म्हणत. दुकानात सर्रास मिळायचं ते ‘विशेष’. कोरियन कृतींमधली साडेसहा-सात मिनिटं ही फ्रिजमधून काढलेल्या त्या जाड्या अंड्याची आहेत. वाण्याकडून आणलेली, ओट्यावर ठेवलेली पन्नास ग्रॅमची अंडी त्याच वेळात घातली की बलक गोठलेला निघतो, मग मायाकची गंमतच गेली. मी साडेपाच मिनिटांवर येऊन थांबलोय. तुमच्या गॅसवर, तुमच्या पातेल्यात थोडं इकडेतिकडे होईल. पण वेळ कमी केला की अंडं आणखी मऊ, आणि मऊ अंडं सोलायला आणखी अवघड. म्हणजे परत सिंकपाशी.

जांगजोरिममध्ये यातलं काहीच लागत नाही. अंडी बारा मिनिटं उकडा, तेरा उकडा. सोलताना खड्डा पडला तर पडू दे, उलट त्या खड्ड्यात सॉस साचतो. माझं प्रमाण असं: दहा अंडी, अडीच वाट्या पाणी, पाऊण वाटी सोया सॉस, दोन मोठे चमचे साखर, सात-आठ लसणीच्या पाकळ्या अख्ख्या, आणि मिळाला तर वाळलेल्या समुद्री शेवाळाचा, दासिमाचा, तळहाताएवढा तुकडा. दासिमा दहा मिनिटांत काढून घ्यायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. बाकी सगळं मंद आचेवर वीस-एक मिनिटं, मधूनमधून अंडी फिरवत. शेवटच्या पाच मिनिटांत तीन-चार मिरच्या अख्ख्याच, टोचे मारून. लसूण शिजून लोण्यासारखी होते, आमच्या घरी अंड्याआधी तीच संपते.

दोष याचेही आहेत. आच मोठी राहिली किंवा फोनवर बोलत अर्धा तास गेला, तर पांढरा भाग रबरासारखा होतो. आणि वास. सुवोनला माझी एकच खोली होती, ओटा, पलंग आणि कपडे वाळत घालायचा स्टँड सगळं तिच्यात. जानेवारीत खिडकी उघडायची सोय नाही. सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये माझ्या शर्टाला जांगजोरिमचा वास यायचा आणि शेजारचा माणूस नुसता मान वळवून बघायचा. तुमचं घर असं एका खोलीचं असेल तर मायाकचा विचार जरूर करा, त्यात गॅस साडेपाच मिनिटं लागतो.

मायाकचं आणखी एक किरकोळ दुखणं म्हणजे अंडी तरंगतात. सकाळी बघावं तर प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. वरून ओला टिशू पेपर पसरला की ती रंगते. आणि तिसऱ्या दिवसापासून अंडी खारट होत जातात, मीठ आत शिरत राहतं आणि पांढरा भाग आकसतो. तीन-चार दिवसांत संपवावीच लागतात. घरात चार तरुण तोंडं असतील तर हा प्रश्नच नाही. आम्ही तिघं, आणि त्यात आई म्हणते, “हे कच्चं राहिलंय रे, मला नको.” तिचंही चुकत नाही. वाण्याच्या दारात उन्हात राहिलेल्या, तारीख नसलेल्या अंड्याचा वाहता बलक सत्तरीच्या माणसाला किंवा लहान मुलाला मीही देणार नाही. जांगजोरिम ती पोळीबरोबर खाते, वर तिला ते ‘अंड्याचं लोणचं’ वाटतं. आठवडाभर फ्रिजमध्ये राहतं. चौथ्या दिवशी अंडी काढून पाणी एकदा उकळून, गार करून परत ओतायचं.

उरलेलं पाणी दोन्हींचं कामाला येतं, पण इथेही तराजू सारखा नाही. मायाकच्या पाण्यात कच्चा कांदा-लसूण मुरलेला असतो. मी ते गाळून, उकळून, फार तर एकदा वांग्याच्या कापांवर घालतो. जांगजोरिमचं पाणी आटून दाट झालेलं असतं. गरम भातावर बटरचा लहान तुकडा, वर ते दोन चमचे, अंडं कुस्करून, असेल तर वाळलेल्या शेवाळाचा कागद चुरून. बटर घातलेला हा जांगजोरिम-भात कोरियात लहान मुलांच्या आवडीचा आहे. आमच्याकडे मुलगी शाळेच्या डब्यातही नेते, आणि तिथे वाहत्या बलकाचं अंडं द्यायचा तर विचारसुद्धा नको.

तेव्हा पाहुणे यायचे आहेत, अंड्यांची तारीख माहीत आहे, चांगला सॉस हाताशी आहे आणि रात्री शांतपणे सोलायला वेळ आहे, तर मायाक करा, पश्चात्ताप होणार नाही. पहिल्यांदा करताना दहाची बरणी भरू नका, चारच घ्या. बाकी दिवसांसाठी मी जांगजोरिमच चढवतो, आणि दोन्हींतलं एकच शिकायला वेळ असेल तर मी तुम्हालाही तेच सुचवेन, अर्थात चव तुमची.

एवढं सगळं लिहूनही आमच्या फ्रिजच्या दारात सध्या सहा अंडी वेगळी ठेवलेली आहेत. त्यांच्यावर पेन्सिलीने आणल्याची तारीख घातली आहे, आणि खाली बायकोसाठी सूचना: ‘शनिवारपर्यंत हात लावू नये.’