घरचे वर्कशॉप: धाब्याची खोली की पत्र्याचे शेड?

खानदेशातील जुन्या घरांत मागची एखादी धाब्याची खोली, म्हणजे लाकडी सरांवर (तुळयांवर) मातीचे सपाट छत असलेली खोली, बहुधा अडगळीला पडलेली असते आणि परसात थोडी मोकळी जागाही असते. घरच्या घरी सुतारकाम किंवा वेल्डिंग करण्यासाठी यांपैकी कोणती जागा धरावी, याचा निर्णय बहुतेक जण खर्चाच्या हिशेबावर घेतात. माझ्या मते आधी कामाचा प्रकार पाहावा, मग ऊन आणि खर्च त्यानंतर.

उन्हाच्या बाबतीत धाब्याला तोड नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हाही जाड मातीच्या भिंती आणि छतावरचा मातीचा थर उष्णता इतक्या सावकाश आत येऊ देतात की भर दुपारी रंधा मारता येतो. पत्र्याखाली त्या वेळी उभे राहणेही नकोसे होते. शेडची उंची बारा फुटांपर्यंत नेली, माथ्यावर गरम हवा बाहेर जाण्याची सोय ठेवली आणि पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर फरक पडतो. तरीही उन्हाळ्यात तेथे सकाळ-संध्याकाळचेच काम होईल, असे धरून चालावे.

मात्र धाब्याच्या खोलीत जागेची खरी अडचण मधल्या खांबांची असते. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड टेबल-कटरवर लांबीत चिरायचा झाल्यास पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात, आणि दोन खांबांमधून एवढा तुकडा सरळ सरकवणे क्वचितच जमते. शिवाय वरून माती झडून यंत्रांत बसते, म्हणून सरांखाली आच्छादन ताणावे लागते. पण सर पूर्ण झाकू नयेत, कारण वाळवी लागली तर ती दिसली पाहिजे. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकण्याचे काम दरवर्षीचे, ते वेगळेच. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग तर लाकडी छताखाली करूच नये. फटीत अडकलेली ठिणगी काम आटोपल्यानंतरही धुमसत राहू शकते.

लोखंडाच्या कामाला म्हणूनच शेड हवे, आणि तेथे खरा खर्च पत्र्याचा नसून जमिनीचा आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो तडकतो आणि यंत्राची पातळी बिघडते. काळी माती काढून, मुरूम थराथराने भरून, पाणी मारून ठोकून घट्ट करावा आणि त्यावर चार इंची काँक्रीट घालावे. खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत न्यावेत. केळीच्या बागा आडव्या करणारे वळवाचे वारे पत्राही उचलतात, तेव्हा हुकांच्या संख्येत काटकसर नको.

स्लॅबची नवी खोली दोन्हींहून महाग पडते आणि रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, त्यामुळे वर मजला चढवायचा नसल्यास मी तिचा विचार करणार नाही.

वीजजोडणीचे नियम दोन्ही जागांना सारखेच आहेत: यंत्रांसाठी स्वतंत्र वायर व एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच), वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग. कोरड्या जमिनीत अर्थिंग कमजोर होते, म्हणून उन्हाळाभर त्याच्या खड्ड्यात नेमाने पाणी घालावे.