कॅलिपर घालून विमानतळाची तपासणी: सहा प्रवासांनंतर

माझ्या डाव्या पायाला पोलिओमुळे मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे. दोन्ही बाजूंना पोलादी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडीचं कुलूप, आणि खाली त्या सळ्या थेट बुटाच्या टाचेत बसवलेल्या. म्हणजे बूट आणि कॅलिपर ही एकच वस्तू. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं त्या बुटावरूनच घडलं.

मी गोव्यातल्या डिचोलीची. मराठी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. गेल्या दोन वर्षांत विमानाने सहा वेळा जाऊन आले, म्हणजे तपासणीच्या दारातून बारा वेळा गेले. व्हीलचेअर सेवा आणि सुरक्षा तपासणी या दोन्हींबद्दल लिहितेय, कारण आमच्यासारख्यांना त्या वेगळ्या करता येत नाहीत. जिथे वाईट वागणूक मिळाली ती नावं लिहिणार नाही. ते विमानतळ गोव्याबाहेरचे होते, एवढं पुरे.

आधी व्हीलचेअर. ही सेवा फुकट असते. ४८ तास आधी कंपनीला कळवायचं असतं. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' या चौकोनावर खूण करून थांबू नका. विमान कंपन्यांकडे त्याचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण विमानाची शिडी चढता येते. डब्ल्यूसीएचएस म्हणजे शिडीही चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. पहिल्या वेळी माझ्या भाचीने पहिला प्रकार निवडला. तिला काय ठाऊक, आणि मलाही नव्हतं. विमान लांब उभं होतं, बसने नेलं आणि समोर शिडी. गुडघ्याला कुलूप असलेल्या पायाने शिडी चढायची म्हणजे कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. मागे साठ-सत्तर माणसं उन्हात उभी. कोणी काही बोललं नाही, पण माझ्या ब्लाउजला घामाची धार लागली. त्यानंतर दर वेळी दुसरा प्रकार सांगते आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करते. मग अँब्युलिफ्ट येते, खुर्चीसकट वर नेते.

खुर्ची ढकलणारी मुलं बहुतेक चांगली भेटली. गोव्यातल्या मोपा विमानतळावर एक पेडण्याकडचा मुलगा होता. मी कुबडी छातीशी धरून बसलेली पाहून म्हणाला, "बाई, हांव आसां, भियेवंक नाका." खुर्ची कुठेही वळवायच्या आधी तो 'आता उजवीकडे' असं सांगायचा. आपल्या पाठीमागून कोणी आपल्याला ढकलत असतं तेव्हा या दोन शब्दांचा केवढा आधार वाटतो!

डिचोलीहून मोपा मला सोयीचं. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटायला लागली, तेव्हापासून झुआरी नदी ओलांडून दाबोळीच्या जुन्या विमानतळावर जाणं बहुतेक थांबलं. तिथल्या एका तपासणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बारांपैकी तेवढी एकच मला अगदी मनासारखी वाटली.

बायकांच्या तपासणीसाठी पडदे लावलेली एक छोटी खोली असते. तिच्यात बहुतेक ठिकाणी लाकडी चौथरा असतो, त्यावर उभं राहायचं, हात पसरायचे. चौथरा वीतभरच उंच, पण मला तो चढताना कुबडी लागते, आणि कुबडी तर तोवर एक्स-रेच्या पट्ट्यावरून पलीकडे गेलेली असते. त्या दिवशी गणवेशातली एक तरुण मुलगी पडद्याबाहेर आली, माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि मला नमस्ते केलं. ढकलणाऱ्या मुलाला नव्हे, मला. मग हिंदीत विचारलं, "आप खड़ी होना चाहेंगी या बैठे-बैठे करूँ?" मी बसूनच म्हटलं. दुसरा प्रश्न असा होता: "कहाँ हाथ लगाने से दर्द होता है?"

चौपन्न वर्षांत मला हे डॉक्टरांखेरीज कोणी विचारलेलं नाही.

तिने हातातलं यंत्र फिरवलं. कॅलिपरपाशी ते वाजलंच, दर वेळी वाजतं. तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "मैंने ऐसा पहले नहीं देखा. बताइए, ये क्या है?" मी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, पट्टे दाखवले, कडी दाखवली, बूट सळ्यांना कसा जोडलाय ते दाखवलं. तिने एका छोट्या कापडी पट्टीने बूट, सळ्या, माझे तळहात आणि खुर्चीचे दांडे पुसले, ती पट्टी यंत्रात घातली. स्फोटकांचे कण शोधणारं ते यंत्र काही सेकंदांत उत्तर देतं. बुटाला हात लागला तेवढाच, निघाला नाही. खुर्चीची गादीही उचलून पाहिली. सगळं मिळून चार मिनिटं. जाताना कुबडी स्वतः आणून हातात दिली.

"मैंने ऐसा पहले नहीं देखा" हे तिचं वाक्य नंतर विमानात माझ्या डोक्यात फिरत राहिलं. ती पंचविशीची असेल. देशात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. माझ्या वर्गात माझ्यासारखी आणखी दोन मुलं होती. तिच्या वर्गात एकही नसणार. ही फार मोठी, आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळेच आज तपासणीला उभ्या असलेल्या मुलामुलींना कॅलिपर म्हणजे काय ते माहीत नाही, आणि प्रशिक्षणात कोणी दाखवलं नाही तर त्यांना कळायचं कसं? त्या मुलीने न कळल्यावर विचारलं. दुसरीकडे न कळल्यावर हुकूम सुटला.

ते सांगते. एका मोठ्या शहरातून लग्न आटपून संध्याकाळच्या विमानाने परतत होते. रांग लांब, सगळे घाईत. माझी कुबडी ट्रेमध्ये गेली. भाची दारातून आधी पलीकडे गेली आणि तिला परत मागे येऊ देईनात. पडद्यातल्या बाईंनी माझ्याकडे न बघता खुर्ची ढकलणाऱ्याला विचारलं, "मैडम खड़ी हो सकती हैं?" तो बिचारा गोंधळला. मी सांगितलं की आधार असेल तर राहू शकते. त्यावरही त्या त्याच्याशीच बोलल्या: "जूता निकलवाओ."

बूट वेगळा निघत नाही, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी कॅलिपर काढला. म्हणजे काय करावं लागतं ते लिहिते. कडी वर उचलून गुडघा मोकळा करायचा, मांडीचे दोन पट्टे सोडायचे, पोटरीचा एक सोडायचा, बुटाची नाडी पूर्ण सोडायची आणि पाय ओढून बाहेर काढायचा. त्यासाठी सलवार मांडीपर्यंत वर घ्यावी लागते. पडदा एका बाजूने उघडाच होता, मागच्या बायकांची ये-जा चालू होती. माझा डावा पाय मनगटाएवढा आहे. घरातल्या माणसांखेरीज तो कोणी पाहिलेला नाही, माझ्या शाळेतल्या बायकांनीसुद्धा नाही. बूट आणि त्याला लागलेल्या सळ्या असा तो कॅलिपर लॅपटॉप आणि पर्सच्या मधून पट्ट्यावरून निघून गेला आणि मी त्या खुर्चीत एक पाय मांडीवर ओढणीखाली झाकून बसून राहिले. तो परत यायला अकरा मिनिटं लागली; समोर घड्याळ होतं. घाईत पोटरीचा पट्टा एक भोक सैल बसला. विमानतळ ओलांडेपर्यंत सळी घासत राहिली, आणि घरी पोचल्यावर घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड आला होता. तो भरायला तीन आठवडे लागले. त्या पायात रक्त नीट फिरत नाही, जखम लवकर बरी होत नाही.

माझी तपासणी करू नका, असं मी म्हणत नाही. एका ठिकाणी याच्या अगदी उलट झालं. मला पाहून एक जण म्हणाला, "जाने दो, बेचारी है," आणि काहीही न बघता पुढे सोडलं. मला ते मुळीच आवडलं नाही. विमानात माझ्याबरोबर माझी भाची असते, इतरांची मुलं असतात. खुर्चीच्या गादीखाली कोणी काय ठेवलं असेल ते तपासायलाच हवं. जशी बाकीच्यांची तपासणी तशी माझी, फक्त माझ्याशी बोलून.

या बाबतीत देशात पुरेसं बोलून झालेलं आहे, म्हणून जास्त राग येतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये जिजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या कोलकात्याहून एका परिषदेसाठी आपल्या गोव्यालाच यायला निघाल्या होत्या, आणि त्यांना विमानातून उतरवलं गेलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून जाहीरपणे विनंती केली, तेव्हा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा राखण्यासाठी तपासणीत कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत, आणि दिव्यांग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय उचलू नये. सुधा चंद्रन यांना लोक ओळखतात, त्यांचं ऐकलं गेलं. डिचोलीच्या निवृत्त शिक्षिकेला ओळखायचं कारण कुणाला नाही, आणि म्हणून समोरच्याने तिला नीट विचारणं जास्त गरजेचं आहे.

आता मी काय करते ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरंच. साडी सोडून दिली, मोठ्या घेराची सलवार घालते, म्हणजे गुडघ्यापर्यंत सहज वर होते आणि बाकीचं झाकलेलं राहतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात ठेवते, पर्समध्ये नाही, कारण पर्स पट्ट्यावर जाते. भाचीला सांगून ठेवलंय की तपासणीत माझ्या मागे राहायचं, पुढे जायचं नाही. तपासणारी बाई जवळ आली की ती बोलायच्या आत मीच नमस्कार करते आणि एक वाक्य म्हणते, "पैर में स्टील है, मशीन बजेगी, जूता इसी से जुड़ा है, पट्टी से जाँच कर लीजिए." हे एक वाक्य पाठ केल्यापासून पाचपैकी चार वेळा काम सोपं झालं. पाचव्या वेळी वरिष्ठांना बोलवा म्हटलं. ते आले, कॅलिपर पाहिला आणि पट्टीनेच तपासणी झाली. पडद्याआड पूर्ण बंद जागा मागायला संकोच करू नका. आणि कुबडी एक्स-रेला जायच्या आधी तुम्ही खुर्चीत नीट बसल्याशिवाय ती हातातून सोडू नका. कुबडी तपासायला गेलेली असताना हातात धरायला एक साधी लाकडी काठी प्रत्येक तपासणीपाशी ठेवली तर केवढं बरं होईल. हे मी दोन ठिकाणी लेखी कळवलंय. एका ठिकाणाहून पोच आली, दुसरीकडून अजून काही नाही.

उतरल्यावरची गोष्ट थोडक्यात. आम्हाला विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, खुर्ची येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं धरून चाला. पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवा.

तारे द्यायचे तर व्हीलचेअर सेवेला पाचपैकी चार. तपासणीला अडीच, आणि त्यातला दीड तारा त्या 'कहाँ दर्द होता है' विचारणाऱ्या मुलीचा. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या महिन्यात मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत नव्या कॅलिपरचं माप द्यायला जायचंय. या वेळी वजनाने हलका मागणार आहे. सळ्या पोलादाच्या नसल्या तरी यंत्र वाजेलच, असं तिथल्या तंत्रज्ञांनी फोनवर सांगितलंय. तेव्हा ते वाक्य पाठच ठेवावं लागणार.