रॉकेटवरून ग्लायडर सोडायचेत, तर बाहेर अडकवायचे की आत भरायचे?

आमच्या गराजमधल्या फळीवर सध्या दोन रॉकेटं आहेत. एकाच्या दोन्ही कुशींना बाल्साचे, म्हणजे एकदम हलक्या लाकडाचे, छोटे ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) अडकवता येतात, दुसऱ्याच्या पोटात ते घडी घालून भरता येतात. पहिलं गेल्या रविवारीसुद्धा उडवलं, दुसऱ्यावर धूळ आहे. तरी दोन्हीबद्दल नीट लिहितो, कारण सुरुवातीला मला हे कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा उन्हाळा वाचला असता, आणि शिवाय तुमची परिस्थिती माझ्यासारखीच असेल असं काही नाही.

आम्ही ओहायोत राहतो. मोटर, म्हणजे दारू भरलेल्या तयार नळकांड्या, दुकानात मिळतात, शाळेचं मोठं मैदान परवानगी काढून वापरता येतं (सी मोटरला मैदान निदान ४०० फुटांचं धरतात), आणि मैदानाच्या पलीकडे मक्याचं शेत आहे, ते पुढे येईलच. मोटरवरच्या अक्षराचा आणि आकड्याचा अर्थ, फिन्स (शेपटीकडच्या पट्ट्या) सरळ कशा चिकटवायच्या, बटण दाबताना १५ फूट लांब उभं राहायचं वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. दोन्ही रॉकेटं सी६ मोटरवर उडतात, दोन्हींवर दोन दोन ग्लायडर.

आम्ही आधी आतलं बनवलं. का, तर दिसायला ते इतकं साफ असतं की बाहेर काही लटकवायचं मनातच येत नाही. बीटी-६० मापाची नळी, म्हणजे बाहेरून साधारण ४१.६ मिलिमीटर, आत दोन ग्लायडर पंख मिटून एकामागे एक, वर पॅराशूट, त्यावर टोपी. वर जाताना ते साधं रॉकेटच असतं, वाऱ्याला लागायला बाहेर काहीच नाही, त्यामुळे सरळ जातं आणि उंच जातं. आणि मग वर फट्कन टोपी उडते, धुराच्या छोट्याशा पुंजक्यातून दोन पंख उघडतात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा माझी लेक जी किंचाळली ती मी अजून विसरलेलो नाही. ही मजा बाहेरच्या प्रकारात नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, तिथे वर काय आहे ते सगळ्यांना जमिनीवरूनच दिसत असतं.

पण घडीचा ग्लायडर म्हणजे बिजागरी आली, पंख उघडायला रबरबँड आला, उघडल्यावर पंख थांबायला अटकाव आला. आमचा बाहेरचा ग्लायडर ७ ग्रॅमचा आहे, आतला १२ च्या खाली कधी आलाच नाही. सी६ ला एकूण वजन ११३ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, त्यात लांब नळी आणि असले दोन ग्लायडर बसवताना मी पॅराशूटच्या दोऱ्यासुद्धा कापून आखूड केल्या होत्या. फोमचा ग्लायडर करून वजन वाचवू म्हटलं तर इजेक्शन चार्जच्या (मोटरमधला टोपी उडवणारा छोटा स्फोट) गरम गॅसने त्याची कड वितळली, मध्ये वॉडिंग (न पेटणाऱ्या कागदाचे बोळे) घालूनसुद्धा. (फोमच्या प्लेटी मिळवणं हाही आता वेगळाच उद्योग आहे, महाराष्ट्रात तर २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदीच आहे.)

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. ज्याने मला हरवलं ते म्हणजे ट्रिम, ग्लायडर नीट तरंगेल असा त्याचा तोल जमवणं.

ज्यांनी हातातून ग्लायडर फेकलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. संध्याकाळी वारा पडल्यावर अंगणात जायचं, गवतावर हळूच फेकायचा. नाक वर करून थांबला आणि डुबकी मारली तर नाकाला मुगाच्या दाण्याएवढी क्ले लावायची, सरळ खाली गेला तर थोडी काढायची किंवा शेपटीची मागची कड केसभर वर वाकवायची. मग थोडा डावीकडे वळेल असं करायचं, म्हणजे वरून सोडल्यावर तो गोल गोल फिरत डोक्यावरच राहतो, पळून जात नाही. हे सगळं जमायला एक ग्लायडर एक संध्याकाळ खातो, कधी दोन. आणि जमलं की काय सुंदर तरंगतो, हातातून सोडलेला पानासारखा जातो.

आता हाच ग्लायडर घडी घालून नळीत कोंबा. रबरबँड रात्रभर ताणलेला राहतो, सकाळी पंख उघडतो तो मिलिमीटरभर कमी. बाल्सा दमट हवेत नळीच्या गोलाईचा बाक घेतो. मग स्फोटाचा धक्का, बिजागरीत काजळी, आणि खाली येताना एखाद्या पंखाला पॅराशूटची दोरी लागून गेलेली. हातातून पानासारखा जाणारा ग्लायडर तिथून गिरक्या घेत खाली. उचलून आणायचा, पुसायचा, पुन्हा अंगणात, पुन्हा क्ले, पुन्हा केसभर वाकवणं, आणि पुढच्या रविवारी परत तेच! असे मी लागोपाठ चार रविवार घालवले. दोन मिनिटांचं उड्डाण आणि त्यामागे तीन संध्याकाळी, असा हिशोब होता. आई तेव्हा भारतातून आली होती, ती अंगणात खुर्ची टाकून हे बघत बसायची, एक दिवस म्हणाली, "अरे, त्यापेक्षा पतंग उडवा की सरळ."

गंमत म्हणजे तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आत भरायचाच असेल तर घडीच्या बाल्सापेक्षा पतंगासारखा मऊ पंख बरा, तीन काड्या आणि मध्ये पातळ प्लॅस्टिक. हा पंख फ्रान्सिस रोगॅलो आणि त्याची बायको गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये काढला, पहिला नमुना घरातल्या स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडाचा होता, आणि पुढे नासाने जेमिनी हे आपलं अंतराळयान अशा पंखावर उतरवायचा खटाटोपही करून पाहिला, तो सोडून दिला ते वेगळं. पुढे हँग ग्लायडिंगवाल्यांनी तोच उचलला. तर तसा एक आम्ही ड्रायक्लीनिंगच्या पिशवीचा केला. प्लॅस्टिक एकमेकांना चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर लावून गुंडाळायचा, नळीत अलगद जातो, ट्रिमचं फारसं नाटक नाही. उडाला की. इतका उडाला की मैदान ओलांडून मक्यात गेला, आणि ऑगस्टमधला मका माझ्या डोक्याच्या वर असतो. सापडला नाही. शिवाय लेक म्हणाली, "बाबा, हे विमान नाहीये, ही पिशवी आहे," त्यावर मला काही बोलता आलं नाही.

मग बाहेरचं. ही कल्पना जुनी आहे, एस्टेस कंपनीचं ऑर्बिटल ट्रान्सपोर्ट हे रॉकेट ज्यांनी पाहिलंय त्यांना पाठीवरचा ग्लायडर आठवत असेल, आम्ही पाठीवर एक न ठेवता दोन बाजूंना दोन ठेवले. रॉकेटच्या अंगावर बांबूच्या काडीचा तुकडा, टोक वरच्या दिशेला. ग्लायडरच्या पोटाला स्ट्रॉचा तुकडा. स्ट्रॉ काडीवर वरून सरकवायची, झालं. जोर लावायचा नाही, चिकटवायचं नाही, काडीला थोडं मेण चोळायचं. वर जाताना हवा ग्लायडरला मागे दाबते, त्यामुळे तो काडीवर बसूनच राहतो, मोटर विझल्यावर रॉकेट नुसतं वेगाने जात असतं तेव्हासुद्धा. इजेक्शनच्या धक्क्याने रॉकेट झटक्यात मागे येतं आणि ग्लायडर पुढे निसटतो. दोन रुपयांची यंत्रणा आहे आणि त्यात मोडण्यासारखं काही नाही.

तोटे आहेत, आणि ते छोटे नाहीत. एक म्हणजे सीपी, हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू. पंख वर अडकवले की सीपी पुढे, तोलबिंदूकडे सरकतो आणि रॉकेट डगमगतं, म्हणून ग्लायडर जितके खाली, फिन्सच्या जवळ नेता येतील तितके न्यायचे, मग ते जास्तीच्या फिन्सचंच काम करतात. मोटर बसवून, सीजीला (तोलबिंदूला) दोरा बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवून बघायचं, नाक पुढे राहिलं की पास, आणि हे ग्लायडर लावून एकदा आणि काढून एकदा, दोन्हीत पास व्हायला हवं कारण वरून उतरायच्या आधी ते दोन्ही अवस्थांत असू शकतं. आम्हाला टोपीत बरीच क्ले भरावी लागली.

दुसरं जरा भीतीचं आहे. दोन्ही ग्लायडरची शेपटी थोडी वर वाकवलेली असते म्हणजे दोन्ही रॉकेटला आपापल्या बाजूला ओढत असतात, समोरासमोर असल्यामुळे ते फिटतं. एक नसेल तर फिटत नाही. एकदा वाऱ्याने एक ग्लायडर काडीवरून उचलून खाली गवतात टाकला, आमचं लक्ष आकाशाकडे, मोजणी चालू, बटण दाबलं. रॉकेटने रॉड (ज्यावरून ते वर सरकतं ती उभी सळई) सोडल्या सोडल्या हवेत मोठी कोलांटी घेतली आणि गोलपोस्टच्या मागे जमिनीत घुसलं. कुणाला लागलं नाही, तिकडे कुणी नव्हतंच, पण माझे हात थरथरत होते. तेव्हापासून नियम आहे, मोजणीच्या आधी लेक मोठ्याने "दोन!" म्हणते, ते ऐकल्याशिवाय मी बटणाची सेफ्टी की लावत नाही. वाऱ्याच्या दिवशी आम्ही उडवतच नाही, आतलं रॉकेट असतं तर उडवलं असतं, हा गुण त्याचा मानतो.

आणि मोटरचं बघा. बाहेर ग्लायडर असले की रॉकेट लवकर दमतं, सी६-५ घेतली (शेवटचा आकडा म्हणजे मोटर विझल्यापासून टोपी उडेपर्यंतचे सेकंद) तर पाच सेकंद होईपर्यंत ते वरून वळून नाक खाली करून वेग धरतं आणि ग्लायडर त्या वेगात सुटून पंख फडफडवत येतात. सी६-३ घ्या. हे मी मोजून नाही सांगत, पाचवाल्या दोन मोटरी वाया घालवून सांगतोय.

पण या सगळ्यात ट्रिमला हात लागत नाही. ग्लायडर अख्खा असतो, त्याला बिजागरी नाही, तो कुठे कोंबला जात नाही, धूर त्याच्यापर्यंत पोचत नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी जमवलेली क्ले अजून तिथेच आहे, त्यातल्या निळ्या ग्लायडरने अकरा उड्डाणं केलीत आणि मी त्याला फक्त एकदा, लेकीच्या मित्राने पाय दिल्यावर, दुरुस्त केलंय. उंची कमी मिळते हे खरं, डोळ्यांना कळण्याइतकी कमी. पण उंचीवरून गिरक्या घेत पडण्यापेक्षा जरा खालून तरंगत आलेला मला चालतो. डावं वळण दोघांनाही दिलंय त्यामुळे वर जाताना रॉकेट स्वतःभोवती हळू फिरतं, तेही छान दिसतं.

स्पर्धेत भाग घ्यायचा असेल, मैदान वाऱ्याचं असेल किंवा गाडी लहान असेल (बाहेरचे ग्लायडर न्यायला आम्ही पिझ्झाचा खोका वापरतो, तो कुणाच्या तरी मांडीवर लागतोच) तर आतलं बघा, आणि बघितलंत तर बाल्साच्या नादी न लागता पिशवीवाला पंख करा. मैदान मोठं हवं मात्र.

भारतातल्यांनी मोटरच्या मागे लागू नका, घरी दारू कुटायचा विचार तर अजिबात नको. पाण्याच्या रॉकेटवर हे होतं, मागच्या डिसेंबरात वाईला काकाच्या शेतात करून पाहिलं. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप. इजेक्शन चार्जच नसल्यामुळे आत भरलेलं बाहेर काढणार कोण, म्हणून तिथे बाहेरचाच प्रकार सोपा, बाटली वर पोचून कलंडली की ग्लायडर आपोआप निसटतात. फक्त सुटतानाचा झटका मोटरपेक्षा फार मोठा असतो, पहिल्या फेरीत दोन्ही ग्लायडरचे पंख बुडापाशी मोडले. दुसऱ्या फेरीसाठी काकाने अंगणातल्या खराट्याचे हीर काढून पंखांच्या बुडाशी आडवे चिकटवून दिले, त्यातला एक ग्लायडर शेजारच्यांच्या गोठ्यावर आहे अजून.